कुलूप कोणी घातले, किल्ली कोणाकडे?

वॉशिंग्टनला सरकार बंद पडते तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांत त्याचे ठळक मथळे येतात. नरसी नामदेवला सरकार बंद पडते तेव्हा मथळा येत नाही. तलाठ्याच्या कचेरीला कुलूप दिसते, एवढेच. कयाधूच्या काठचे, संतश्रेष्ठ नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने वंद्य मानले गेलेले हे हिंगोली तालुक्यातील गाव आमच्या शहरी वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. आषाढात पंढरीहून परतणारे वारकरी परतवारीच्या एकादशीला तेथे गर्दी करतात. एरवी मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या खेड्यासारखे ते एक खेडे. परंतु सरकार म्हणजे काय वस्तू आहे हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षा अशा गावी एकदा जाऊन यावे, असे आम्हांला वाटते. तेथे सरकार म्हणजे मोजकी पाच-सात माणसे. सातबाराचा उतारा देणारा तलाठी (त्याला आता 'ग्राम महसूल अधिकारी' असे भारदस्त नाव मिळाले आहे, पण लोक अजून तलाठीच म्हणतात), ग्रामसेवक, कृषी सहायक, शाळेतील मास्तर, दवाखान्यातील परिचारिका आणि ठाण्यातील पोलीस. राज्यघटना, विधिमंडळ, मंत्रिमंडळ, अर्थखाते हा सारा डोलारा खेड्यापर्यंत पोहोचतो तो याच माणसांच्या रूपाने. ती जागेवर नसली की, मुंबईत मंत्रिमंडळाच्या कितीही बैठका होत असोत, शेतकऱ्याच्या लेखी सरकार नाहीसे झालेले असते.

१४ मार्च २०२३ या दिवशी महाराष्ट्रात ते असे नाहीसे झाले. जुनी निवृत्तिवेतन योजना पुन्हा लागू करा, या मागणीसाठी राज्यातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. संघटनांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची संख्या सतरा लाखांच्या वर होती. कचेऱ्या ओस पडल्या, सरकारी रुग्णालयांतील शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, दहावी-बारावीच्या परीक्षा ऐन रंगात असताना शिक्षक वर्गाबाहेर उभे राहिले. आणि दैवाचा दुष्टावा असा की, नेमक्या त्याच आठवड्यात मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांना अवकाळी पाऊस व गारपीट यांनी झोडपून काढले. हिंगोली जिल्ह्यात मार्च महिना म्हणजे हळद शिजवून वाळत घालण्याचे दिवस. गहू-हरभराही शेतात किंवा खळ्यावर असतो. पावसाने भिजलेल्या पिकाला नुकसानभरपाई मिळावयाची तर आधी पंचनामा हवा, आणि पंचनामा करावयाचा तो तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी. ते तिघेही संपाच्या मंडपात! पंचनामे रखडले म्हणून विधिमंडळात ओरड झाली, सामान्य नागरिकाला सेवा मिळावी म्हणून तुम्ही काय करीत आहात असे उच्च न्यायालयानेही सरकारला विचारले. सरकारने काय केले होते? ज्या दिवशी संप सुरू झाला त्याच दिवशी सरकारने विधिमंडळात अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक, म्हणजे ज्याला सर्वजण 'मेस्मा' या नावाने ओळखतात ते, आणले आणि विधिमंडळाने ते चर्चेविना संमत केले. सतरा लाख माणसे ज्या प्रश्नावर कामाबाहेर होती, त्या प्रश्नाशी निगडित कायद्यावर लोकप्रतिनिधींना बोलण्यासारखे काही सुचू नये, ही गोष्ट आम्हांला त्या संपाइतकीच चिंताजनक वाटली होती व आजही वाटते.

सरकार बंद पडू नये यासाठी कायदा असावा काय? असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु तो कोणाच्या हातात बेडी घालणारा असावा, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी गिरणगावात रुळलेल्या दोन मराठी शब्दांची आठवण करून देणे अवश्य आहे. कामगाराने काम थांबविले तर तो 'संप'. मालकाने गिरणीच्या दाराला कुलूप ठोकले तर ती 'टाळेबंदी'. दोहोंमध्ये गिरणीचे धुराडे थंडच पडते, पण दोष कोणाचा आणि उपाय कोणावर करावयाचा हे त्या शब्दांतच सांगितलेले असते. सरकारचेही असेच आहे. अमेरिकेत होते ती टाळेबंदी. आपल्याकडे होतो तो संप. या दोहोंना 'सरकार बंद' या एकाच नावाने हाका मारल्या की विचाराचा घोटाळा होतो.

अमेरिकेतील टाळेबंदीची कथा थोडक्यात अशी. कायदेमंडळाने मंजुरी दिल्यावाचून कोणत्याही खात्याने पैसा खर्च करू नये अथवा देणे अंगावर घेऊ नये, असा तेथे एकोणिसाव्या शतकापासूनचा कायदा आहे. पूर्वी मंजुरीस चार दिवस उशीर झाला तरी खाती हात आखडून काम चालू ठेवीत. १९८०-८१ साली तेथील महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला; मंजुरी नसेल तर जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणापुरतेच काम चालेल, बाकीचे थांबलेच पाहिजे, असे सांगितले. तेव्हापासून अध्यक्ष आणि कायदेमंडळ यांचे भांडण जुंपले की सरकारच्या दाराला कुलूप, असा परिपाठ पडला. २०१८ च्या डिसेंबरात लागलेले कुलूप पस्तीस दिवसांनी निघाले. १ ऑक्टोबर २०२५ रोजी लागलेले त्रेचाळीस दिवस टिकले. त्या वेळेपर्यंतच्या साऱ्या टाळेबंद्यांत ती सर्वांत दीर्घ ठरली. लक्षावधी नोकरांना घरी बसावे लागले, आणि ज्यांची कामे टाळता येण्यासारखी नव्हती त्यांनी पगाराची वाट पाहत ती केली. नोकरांचा यात काडीमात्र अपराध नव्हता. म्हणून २०१९ मध्ये त्या देशाने एक कायदा करून टाळेबंदीच्या काळातील पगार मागाहून मिळेल अशी हमी त्यांना दिली.

टाळेबंदीच होऊ नये म्हणून तेथे वेळोवेळी विधेयके आली. त्यांतील दोन नमुने पाहण्यासारखे आहेत. सिनेटर पोर्टमन यांच्या विधेयकाची कल्पना अशी की, मुदतीत मंजुरी न मिळाल्यास गतवर्षीच्या दराने खर्च आपोआप चालू राहावा, आणि काही महिन्यांनी त्यात थोडीथोडी कपात होत जावी. सिनेटर लँकफर्ड व हॅसन यांच्या विधेयकात खर्च चौदा-चौदा दिवसांच्या हप्त्यांनी चालू राहतो. पण तोवर कायदेमंडळाच्या सभासदांना सरकारी खर्चाने राजधानी सोडता येत नाही आणि अर्थविषयक मंजुऱ्यांखेरीज दुसरे काम सभागृहापुढे सहसा घेता येत नाही. यांपैकी एकही विधेयक २०२५ च्या टाळेबंदीपर्यंत कायदा होऊ शकले नव्हते. आम्हांला विचाराल तर पहिल्या विधेयकात एक मोठा धोका आहे. पैसा आपोआप मिळू लागला तर कायदेमंडळापुढे येऊन हिशेब देण्याची आणि मागण्याची गरजच मंत्र्यांना उरत नाही. दुसऱ्यात मात्र शहाणपण आहे. शिक्षा नोकराला नाही, नागरिकाला नाही. ज्यांनी मंजुरी द्यावयाची त्यांनाच सभागृहात कोंडून ठेवावयाचे!

आपल्या देशात अशी टाळेबंदी का होत नाही, याचे उत्तर इतिहासात आहे आणि त्यातील एक पान मराठी मुलखात, नागपुरात लिहिले गेले. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर मध्यप्रांताच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. डॉ. मुंजे प्रभृती स्वराज्यवाद्यांनी मंत्रिपदे तर नाकारलीच, पण १९२४ च्या मार्चमध्ये अंदाजपत्रकच फेटाळून लावले आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला. सरकार बंद पडले काय? छे! गव्हर्नर फ्रँक स्लाय यांनी आपल्या विशेषाधिकाराने राखीव खात्यांचा खर्च प्रमाणित केला, मंत्र्यांची खातीही स्वतःकडे घेतली आणि कारभार सुरळीत चालू राहिला. परकी राजवटीत सरकार कधीच बंद पडत नसे, कारण पैशाच्या थैलीची दोरी लोकांच्या हातात कधी दिलेलीच नव्हती. केवळ न थांबणे हाच सरकारचा गुण मानावयाचा, तर सर फ्रँक यांच्या सरकारला उत्तम म्हणावे लागेल!

घटनाकारांनी हा अनुभव ध्यानात ठेवला. विधिमंडळाने कायदा केल्यावाचून संचित निधीतून पैसा निघणार नाही, हे त्यांनी २०४ व्या अनुच्छेदात पक्के केले. म्हणजे दोरी लोकप्रतिनिधींच्या हाती दिली. पण ती ओढून सरकारचा गळाच आवळला जाऊ नये म्हणून २०६ व्या अनुच्छेदात लेखानुदानाची सोय ठेवली. पूर्ण अंदाजपत्रकावर चर्चा होईपर्यंत काही महिन्यांपुरता खर्च मंजूर करून घ्यावयाचा, आणि पुन्हा सभागृहापुढे यावयाचे. २०२४ साली लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या, तेव्हा महाराष्ट्राने २७ फेब्रुवारीस अंतरिम अर्थसंकल्प मांडून चार महिन्यांची बेगमी केली व २८ जूनला पूर्ण अर्थसंकल्प मांडला. त्या चार महिन्यांत नरसीच्या मास्तरांचा पगार थांबला नाही, आणि तो का थांबला नाही हे कोणाला विचारावेसेही वाटले नाही. शिवाय आपल्याकडे जे मंत्रिमंडळ सभागृहात अर्थसंकल्प मंजूर करवून घेऊ शकत नाही त्याला जावेच लागते. अमेरिकेत अध्यक्षाला तसे जावे लागत नाही. भांडण मिटवावयाचे नसेल तर तेथे दोन्ही बाजूंना आपापल्या खुर्चीत बसून भांडता येते, आणि आपल्याकडे निदान एकाची खुर्ची काढून घेतली जाते.

मात्र एकदा अशी वेळ भारतातही आली होती, आणि ती आली पंजाबात. नरसीचे नामदेव महाराज ज्या पंजाबात जाऊन राहिले, ज्यांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आदराने जतन केली गेली, ज्यांच्या घुमान या गावी २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले, त्या पंजाबची ही १९६८ ची गोष्ट आहे. मार्च महिना, अंदाजपत्रक सभागृहापुढे, आणि सभापती जोगिंदरसिंग मान यांनी ७ मार्चला विधानसभा एकदम दोन महिन्यांकरिता तहकूब करून टाकली! आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपणार. १ एप्रिलपासून पंजाब सरकारला एक पैही खर्च करण्याचा अधिकार राहिला नसता. राज्यपाल होते डॉ. दा. चिं. पावटे, मुंबई इलाख्याचे एकेकाळचे शिक्षणाधिपती. त्यांनी ११ तारखेस अधिवेशन संस्थगित केले, १३ तारखेस एक अध्यादेश काढला आणि १८ तारखेस सभागृह पुन्हा बोलाविले. अध्यादेशाचा आधार होता २०९ वा अनुच्छेद. आर्थिक कामकाज वेळेत पुरे व्हावे यासाठी सभागृहाच्या कार्यपद्धतीचे नियमन कायद्याने करता येते, असे तो अनुच्छेद सांगतो. आर्थिक कामकाज पुरे होईपर्यंत सभागृहाच्या स्वतःच्या ठरावावाचून कोणालाही ते तहकूब करता येणार नाही, एवढेच त्या अध्यादेशाचे सार. सभापतींनी १८ तारखेस तोही बेकायदा ठरवून पुन्हा तहकुबी पुकारली; उपसभापती आसनावर बसले आणि विनियोजन विधेयके संमत झाली. उच्च न्यायालयाने ती अवैध ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै १९६८ रोजी तो निर्णय फिरविला आणि अध्यादेश व विधेयके दोन्ही वैध ठरविली. सरन्यायाधीश होते नागपूर उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला.

सरकार बंद पडू नये म्हणून आपल्या देशात झालेला खराखुरा कायदा कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही या अध्यादेशाकडे बोट दाखवू. सभापतीच्या आसनाविषयी आम्हांला आदर आहे. राज्यपालांच्या अध्यादेशांविषयी तितकासा नाही. तरीही या प्रकरणात एक गोष्ट ध्यानात येते. त्या कायद्याने पटवाऱ्याला पकडले नाही, कारकुनाला निलंबित केले नाही. त्याने बंधन घातले ते किल्ली ज्याच्या खिशात होती त्याच्यावर. उत्तराखंडात २०१६ च्या मार्चमध्ये विनियोजन विधेयक संमत झाले की नाही यावरच वाद माजला, राष्ट्रपती राजवट आली, आणि वर्ष संपता संपता, ३१ मार्चला, राष्ट्रपतींना लेखानुदानाचा अध्यादेश काढावा लागला. तेथेही राज्यकर्त्यांच्या भांडणाची झळ १ एप्रिलला गावच्या दवाखान्यापर्यंत पोहोचू दिली गेली नाही. पैशाच्या बाबतीत आपली घटना अशी सावध आहे.

संपाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण कोठे गेले?

१९६० च्या जुलैत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा पंडित नेहरूंच्या सरकारने तो सुरू होण्यापूर्वीच अत्यावश्यक सेवांचा अध्यादेश काढला. १९ सप्टेंबर १९६८ च्या एक दिवसाच्या लाक्षणिक संपाच्या वेळी पुन्हा अध्यादेश निघाला व त्याचा कायदा झाला. १९८१ मध्ये आणखी एक केंद्रीय कायदा आला, राज्यांनी आपापले कायदे केले. तामिळनाडूने तर २००३ साली आपल्या कायद्याचा आधार घेऊन सुमारे पावणेदोन लक्ष कर्मचाऱ्यांना एका झटक्यात बडतर्फ केले. सर्वोच्च न्यायालयाने संपाचा मूलभूत हक्क कोणालाही नाही असे बजावले, आणि बहुसंख्य कर्मचारी हमीपत्रे लिहून देऊन कामावर परतले. सारे कायदे एकाच साच्याचे. सरकारने अधिसूचना काढावयाची, संप बेकायदा ठरवावयाचा, संपकऱ्याला व त्याला चिथावणी देणाऱ्याला तुरुंग आणि दंड. २०२३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही विनावॉरंट अटकेची तरतूद आहे. सतरा लाख माणसांना विनावॉरंट अटक करावयास किती पोलीस लागतील, याचा हिशेब विधेयकाच्या सोबतच्या वित्तीय ज्ञापनात कोणी मांडला होता काय, हे आम्हांला विचारावेसे वाटते!

गंमत बाजूला ठेवू. २०२३ चे ते कुलूप निघाले कसे, हे पाहण्यासारखे आहे. १४ मार्चला कायदा झाला. त्याने एकही कचेरी उघडली नाही. २० मार्चला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसले, निवृत्त अधिकाऱ्यांच्या समितीकडे प्रश्न सोपविण्याचे नक्की झाले, आणि त्या दिवशी संप मागे घेतला गेला. ज्या निवृत्तिवेतनाविषयी हे भांडण होते ते काही आदल्या दिवशी उपस्थित झाले नव्हते. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना महाराष्ट्राने जुन्या योजनेबाहेर ठेवले. तेव्हापासून निश्चित निवृत्तिवेतनाची हमी जाऊन बाजाराच्या चढउतारावर अवलंबून असलेली योजना आली. म्हणजे सतरा वर्षांहून अधिक काळ हा प्रश्न फायलीत होता. या काळात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली, निवेदने स्वीकारली गेली, शिष्टमंडळांना चहा दिला गेला. २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा संपाची हाक द्यावी लागली. २०२४ च्या मार्चमध्ये अखेरच्या वेतनाच्या निम्म्याइतक्या निवृत्तिवेतनाची सुधारित योजना जाहीर झाली आणि त्याच वर्षी २५ ऑगस्टला मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत योजना स्वीकारली. जे २०२४ मध्ये देता आले त्याची चर्चा २०२२ मध्ये का होऊ शकली नाही? त्या विलंबाबद्दल कोणत्या कलमाखाली कोणावर खटला भरावयाचा? तसे कलम कोठेही नाही. गारांनी झोडपलेल्या शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तलाठी दोषी दिसतो, कारण तोच त्याच्या नजरेसमोर असतो. फाईल दाबून ठेवणारा हात नरसीहून दिसत नाही.

नामदेव महाराजांविषयी एक आख्यायिका याच जिल्ह्यात सांगतात. औंढ्याच्या नागनाथापुढे ते कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागे जावयास सांगितले, आणि मग देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. सरकार नावाचे देऊळ कोणासाठी फिरत नाही हे आम्हांला ठाऊक आहे. त्याचे पुजारी आपापसांत भांडत असतील तर दर्शनाला आलेल्याने मागील दाराने कोणाला तरी गाठावे, एवढीच वाट त्याच्यापुढे राहते. शहरातील सुशिक्षिताला ती वाट सापडते. त्याचा दाखला संगणकावर निघतो, ओळखीचा अधिकारी असतो, खासगी रुग्णालय असते. संपाच्या त्या सात दिवसांत आमच्या वाचकांपैकी किती जणांचे काही अडले, हे त्यांनीच आठवून पाहावे. नरसीच्या माणसाचे सर्वस्व अडते.

आणि म्हणूनच कर्मचाऱ्यांच्या संघटनांनाही चार शब्द सुनावल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. त्यांची मागणी न्याय्य होती की नव्हती, तिजोरीला तो भार पेलणार होता की नव्हता, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. त्याला दोन बाजू आहेत आणि दोहोंत तथ्य आहे. १९७७-७८ च्या हिवाळ्यात र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली याच महाराष्ट्रात चौपन्न दिवसांचा संप झाला, त्याची आठवण संघटनांत आजही अभिमानाने काढली जाते. पण गिरणीचा कामगार संप करतो तेव्हा मालकाचा नफा बुडतो. सरकारी नोकर संप करतो तेव्हा मंत्र्याचे काय बुडते? त्याचा पगार चालू, मोटार चालू. बुडतो तो ज्याला ना निवृत्तिवेतन, ना महागाई भत्ता, ना सातवा वेतन आयोग, असा शेतकरी. साठाव्या वर्षानंतरच्या पोटाची चिंता करणाऱ्यांनी, ज्याच्या ह्या वर्षाच्या पोटावर गारा पडल्या आहेत त्याचा पंचनामा थांबवावा, हे आम्हांला कोणत्याही तत्त्वज्ञानाने पटणार नाही. प्रसूतिगृहातील परिचारिका, पाणीपुरवठ्याचा कामगार, आपत्तीच्या दिवसांतील महसूल कर्मचारी यांनी काम सोडता कामा नये. तेवढ्यापुरता कायद्याचा धाकही असावा. मात्र हा धाक जिवाशी व आपत्तीशी निगडित कामांपुरताच असावा. आवक-जावक कारकुनाचे टेबल आणि अतिदक्षता विभाग यांना एकाच अधिसूचनेत बसविणारा कायदा कशालाच गंभीरपणे घेत नाही.

मग संपाचा हक्क काढून घेतलेल्याला बदल्यात काय द्यावयाचे? याचे उत्तर केंद्र सरकारने १९६६ सालीच शोधले होते. १९६० च्या संपातून धडा घेऊन त्याने संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी केली. सरकार व कर्मचारी यांचे प्रतिनिधी ठरावीक काळाने समोरासमोर बसतात. वेतन व भत्ते, कामाचे तास आणि रजा या विषयांवर मतभेद मिटला नाही तर तो सक्तीच्या लवादाकडे जातो. आणि लवादाचा निर्णय सरकारला मानवयाचा नसेल तर त्याला संसदेपुढे जाऊन कारणे द्यावी लागतात. यंत्रणा निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. निवृत्तिवेतनाचा प्रश्न तर तिच्या सक्तीच्या लवादाच्या कक्षेबाहेरच राहतो. पण संपाचे शस्त्र काढून घ्यावयाचे तर न्यायाचे दार उघडे ठेवले पाहिजे, हे तत्त्व तिने मान्य केले आणि सरकारलाही सभागृहापुढे उभे केले. पंजाबच्या त्या अध्यादेशातही हेच तत्त्व होते.

महाराष्ट्राने २०२३ च्या कायद्यात हे तत्त्व घालावे. संपाची नोटीस हाती पडताच मंत्रिमंडळाच्या जबाबदार प्रतिनिधीने ठरावीक दिवसांत संघटनांशी बोलणी सुरू केलीच पाहिजेत, असे बंधन असावे. बोलणी फिसकटल्यास प्रश्न निवृत्त न्यायाधीशाच्या लवादाकडे आपोआप जावा, त्यातून निवृत्तिवेतन वगळले जाऊ नये. लवाद चालू असेपर्यंत संपाला बंदी असावी, ही अट संघटनांनीही मान्य करावी. लवादाचा निर्णय सरकारला नको असेल तर त्याने तसा ठराव दोन्ही सभागृहांपुढे मांडून तो सर्वांसमक्ष, चर्चेनिशी, संमत करून घ्यावा. आणि अधिवेशन चालू असेल तर त्या ठरावाचा निकाल लागेपर्यंत ते संस्थगित होऊ नये. खर्चाचा बोजा वाढेल अशी भीती अर्थखाते घालील. ती भीती खोटी नाही. पण सतरा वर्षे साचवून एकदम फुटलेल्या प्रश्नाचा बोजा कमी होता काय, हेही त्याने मोजून सांगावे.

अर्थसंकल्पी अधिवेशन दरवर्षी मार्चच्या सुमारास भरते. याच दिवसांत कयाधूच्या खोऱ्यात हळदीच्या कढया चुलाणावर चढलेल्या असतात आणि शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. येत्या अधिवेशनात मराठवाड्याच्या आमदारांनी, विशेषतः हिंगोली जिल्ह्याच्या तिन्ही आमदारांनी, पक्षभेद बाजूला ठेवून हा कायदा दुरुस्तीसाठी सभागृहापुढे आणावा, आणि १४ मार्च २०२३ रोजी जी चर्चा व्हावयाची राहून गेली ती तेथे करावी, अशी आमची मागणी आहे.